रोटाव्हायरसच्या स्ट्रेनचं दीर्घकालीन सर्वेक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोटाव्हायरस म्हणजे लहान मुलांना तीव्र जुलाब करणारा विषाणू; त्याचे वेगवेगळे उपप्रकार म्हणजे स्ट्रेन. हे पान सेंटिनल (सर्वेक्षणासाठी निवडलेल्या) रुग्णालयांतले तंत्रज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी आणि साथरोग विभागात आकडेवारी हाताळणारे यांच्यासाठी आहे. पालकांकडून हमखास येणारा एक प्रश्नही शेवटाकडे घेतला आहे.

जी१पी[८] असं लिहितात, त्याचा अर्थ काय?

रोटाव्हायरसचं जनुकद्रव्य म्हणजे दुपदरी आरएनएचे ११ सुटे तुकडे. बाहेरच्या कवचावर दोन प्रथिनं असतात. व्हीपी७वरून जी प्रकार ठरतो, व्हीपी४वरून पी प्रकार. संरक्षक प्रतिपिंडं मुख्यतः याच दोघांविरुद्ध तयार होतात, म्हणून नावात हेच दोन आले. जनुकाचा क्रम साधारण ८० टक्क्यांपेक्षा कमी जुळला, तर तो वेगळा जीनोटाइप, म्हणजे जनुकीय प्रकार, मानतात.

पी चा आकडा चौकटी कंसात का, हे विद्यार्थी दर वर्षी विचारतात. पूर्वी प्रतिपिंडांनी ठरवलेल्या पी सीरोटाइपना वेगळे क्रमांक होते आणि ते जनुकीय क्रमांकांशी जुळत नाहीत. कंसातला आकडा जनुकीय. जी च्या बाबतीत दोन्ही क्रमांक जुळतात, त्यामुळे कंस लागत नाही. अहवालात कंस गाळू नका, पुढे वीस वर्षांनी तक्ते जोडताना त्याचा त्रास होतो.

जगभरच्या मुलांमधले बहुतेक संसर्ग सहा जोड्यांत बसतात: जी१पी[८], जी२पी[४], जी३पी[८], जी४पी[८], जी९पी[८] आणि जी१२पी[८]. भारतात यांच्या जोडीला जी१२पी[६], जी९पी[४] अशाही जोड्या दिसतात.

प्रकार कोणताही असो, उपचार तेच. मग एवढा खटाटोप कशाला?

समोरच्या बाळासाठी जीनोटाइप शोधायची गरज नाही, आणि निकाल येईपर्यंत ते घरीही गेलेलं असतं. हे काम लसीसाठी आहे. वापरातल्या लसी वेगवेगळ्या स्ट्रेनवर बेतलेल्या आहेत. रोटाव्हॅक ही ११६ई या एकाच स्ट्रेनची, म्हणजे जी९पी[११]. दिल्लीत नवजात बाळांमध्ये सापडलेला हा विषाणू मुळात मानवी, पण त्याचा व्हीपी४ गाईगुरांच्या विषाणूकडून आलेला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल पाच घटकांची आहे: गाईच्या विषाणूच्या चौकटीत मानवी जी१, जी२, जी३, जी४ आणि जी९ बसवलेले. रोटारिक्स म्हणजे एकटा जी१पी[८]. रोटाटेकमध्ये जी१ ते जी४ आणि पी[८]. यांपैकी प्रत्येक लस कोणत्या स्ट्रेनविरुद्ध किती चालते आणि ते गणित काळाबरोबर बदलतं का, याचं उत्तर फक्त सलग सर्वेक्षणातूनच मिळतं.

सर्वेक्षण किती वर्षं चालावं लागतं?

आमच्या मते दहा सलग वर्षांच्या आत कोणताही ठाम निष्कर्ष काढू नये. हे विषाणू कुणी काही न करताही आलटून पालटून वर येतात. भारताचंच उदाहरण घ्या. रुग्णालयांचं पहिलं राष्ट्रीय जाळं डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालं. पहिल्या दोन वर्षांत दाखल मुलांच्या नमुन्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांत रोटाव्हायरस सापडला. त्यात जी२पी[४] सर्वांत पुढे, २५.७ टक्के, जी१पी[८] २२.१ टक्के. पुढे २०१२ मध्ये नवं जाळं उभं राहिलं, तेव्हा जी१पी[८] निम्म्याहून जास्त झालेला होता. राष्ट्रीय कार्यक्रमात लस आली ती मार्च २०१६ मध्ये. म्हणजे एवढी मोठी उलथापालथ लसीच्या आधीच होऊन गेली होती. सर्वेक्षण २०१४ ला सुरू करणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.

मलावीतल्या ब्लांटायरमध्ये १९९७ पासून मुलांचे नमुने तपासले जात आहेत आणि तिथे लस ऑक्टोबर २०१२ मध्ये आली. लसीपूर्वीची पंधरा वर्षं हाताशी असणं ही मोठी चैन आहे. ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय कार्यक्रम जून १९९९ पासून मेलबर्नहून चालतो, त्याच शहरातून जिथे १९७३ मध्ये रूथ बिशप आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या आतड्याच्या तुकड्यांत हा विषाणू प्रथम पाहिला. युरोपचं युरोरोटानेट २००७ चं.

कोणत्या मुलाचा नमुना घ्यायचा?

पाच वर्षांखालचं मूल, तीव्र पाण्यासारख्या जुलाबांसाठी दाखल, २४ तासांत किमान तीन पातळ शौच, आणि त्रास सुरू होऊन सात दिवसांपेक्षा जास्त झालेले नसावेत. शौचात रक्त असेल तर वगळा.

नमुना दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत हवा. याचं कारण साधं आहे: रोटाव्हायरस वॉर्डात झपाट्याने पसरतो. तिसऱ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात सापडलेला विषाणू शेजारच्या खाटेवरून आलेला असू शकतो, आणि मग एकाच वॉर्डातला एक स्ट्रेन गावभर पसरल्यासारखा दिसतो. नवजात कक्षातले नमुने पूर्ण वेगळे मोजा. तिथे जी९पी[११] किंवा जी१०पी[११] सारखे स्ट्रेन लक्षणांशिवाय वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून राहू शकतात.

सगळ्यांत जास्त बिघडतं ते निवडीत. 'लक्षणं रोटासारखी वाटतात' म्हणून फक्त हिवाळ्यातली, उलट्या जास्त असलेली मुलं घेतली, तर सकारात्मकतेचं प्रमाण फुगतं. निकषात बसणारं प्रत्येक मूल, वर्षभर. रोज जमत नसेल तर ठरलेले वार पकडा, पण ते पाळा.

डायपरमधून नमुना घेता येतो का?

जेल असलेल्या डायपरमधून नाही. पातळ शौचाचं पाणी जेल शोषून घेतं आणि हाताला लागतो तो नुसता चिकट थर. डायपर उलटा बांधा, प्लास्टिकची बाजू आत, किंवा आत स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा घाला. पाच मिलीलीटर मिळालं तर उत्तम, एक-दोन मिली असलं तरी काम भागतं. लघवी मिसळली तर नमुना पातळ होतो आणि कमी विषाणू असलेलं मूल नकारात्मक निघतं. गुदद्वारातल्या स्वॅबवर पीसीआर (विषाणूचं जनुकद्रव्य वाढवून शोधणारी तपासणी) होतो, एलायझाला (विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी) माल कमी पडतो. त्यामुळे स्वॅब हा शेवटचा उपाय.

डबीत फॉर्मालिन किंवा जिवाणूंसाठीचं वाहक माध्यम घालू नका. डबी कोरडी, घट्ट झाकणाची. लेबल झाकणावर नव्हे, डबीच्या अंगावर. झाकणं अदलाबदल होतात.

साठवण कशी करावी?

आल्यापासून २ ते ८ अंश सेल्सिअस, आणि त्याच आठवड्यात एलायझा. त्यानंतर लगेच नमुन्याच्या दोन किंवा तीन कुप्या करा: एक तपासणीसाठी, एक संदर्भ प्रयोगशाळेसाठी, एक कुणीही न उघडायची. दीर्घकाळासाठी उणे ७० अंश. उणे २० वरही दुपदरी आरएनए बऱ्यापैकी टिकतो, पण दर आठवड्याला वीज जाणारा आणि आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीझर म्हणजे नमुन्यांची रोजची गोठण-वितळण. अशा फ्रीझरमधले नमुने एलायझात सकारात्मक आणि पीसीआरमध्ये गप्प, असे निघतात.

कागदी लेबल उणे ७० ला गळून पडतं. क्रायो लेबल वापरा आणि तोच क्रमांक कुपीवर कायमस्वरूपी पेनने लिहा.

तपासणी एलायझानेच का? पीसीआर तर जास्त संवेदनशील आहे.

म्हणूनच. आपल्याकडे लहान मुलांना रोटाव्हायरसचा संसर्ग वारंवार होतो आणि लक्षणं गेल्यावरही थोडा विषाणू शौचातून पडत राहतो. पीसीआर तोही पकडतो. मूल आत्ता दुसऱ्याच जंतूने आजारी असेल, तरी नोंद रोटाची होते. व्हीपी६ हे विषाणूचं आतल्या थरातलं प्रथिन शोधणारा एलायझा सकारात्मक यायला विषाणूचं प्रमाण भरपूर लागतं, आणि आजाराशी त्याचा मेळ जास्त चांगला बसतो. शिवाय जुनी वर्षं एलायझाची आहेत. मध्येच पीसीआरवरून मुलं सर्वेक्षणात घ्यायला लागलात, तर त्या वर्षी रोटा 'वाढल्याचं' दिसेल आणि ते खोटं असेल.

जीनोटायपिंगच्या पायऱ्या आणि नेहमीच्या चुका सांगाल का?

दहा टक्क्यांचं द्रावण: ०.१ ग्रॅम किंवा १०० मायक्रोलीटर शौच, ९०० मायक्रोलीटर फॉस्फेट बफर सलाईन. हलवून सेंट्रिफ्यूज करा, वरचा स्वच्छ भाग घ्या. कॉलमच्या किटमध्ये बहुधा १४० मायक्रोलीटर लागतं आणि ६० मध्ये आरएनए उतरवतात.

पुढची पायरी नवख्यांच्या हातून सुटते. आरएनए दुपदरी आहे, तो उकलल्याशिवाय रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला (आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या विकराला) वाट मिळत नाही. ९५ ते ९७ अंशांवर पाच मिनिटं, यादृच्छिक हेक्सामर प्रायमरसह (प्रायमर म्हणजे जनुकाला चिकटून नक्कल सुरू करून देणारा छोटा तुकडा), आणि यंत्रातून नळी काढली की थेट बर्फात. बाकावर ठेवून हातमोजे बदलायला गेलात, तर दोन्ही पदर परत जुळतात. शेवटी जेलवर दिसणारे पट्टे, म्हणजे बँड, फिके येतात आणि दोष किटला दिला जातो.

मग दोन फेऱ्यांचा पीसीआर: पहिल्या फेरीत सर्वसामान्य प्रायमर, दुसरीत त्याच उत्पादनाच्या एका मायक्रोलीटरवर प्रत्येक प्रकाराचे वेगळे प्रायमर एकत्र, आणि दोन टक्के अ‍ॅगरोजवर बँडची लांबी. इथे एक सापळा आहे. व्हीपी४साठी दोन प्रायमर संच चलनात आहेत. कॉन३-कॉन२ संचाची पहिली फेरी ८७६ बेसची. त्यात पी[४] ४८३ ला, पी[८] ३४५ ला, पी[६] २६७ ला दिसतो. व्हीपी४एफ-व्हीपी४आर संचाची पहिली फेरी ६६३ ची. त्यात तेच तिघं अनुक्रमे ३६२, २२४ आणि १४६ ला. एका संचाचा जेल आणि दुसऱ्याचा तक्ता घेतला, की ३६२चा पी[४] 'साधारण ३४५' म्हणून पी[८] ठरतो. वापरलेल्या प्रायमरचं नाव जेलच्या फोटोवरच लिहा.

दुसऱ्या फेरीसाठी पहिल्या फेरीची नळी उघडावी लागते आणि दूषितीकरण होतं ते नेमकं तिथे. मिश्रण बनवायची, आरएनए काढायची आणि जेलची जागा वेगळी ठेवा. सकाळी जेलच्या खोलीत गेलेला माणूस त्या दिवशी मिश्रण बनवायला परत जात नाही. प्रत्येक तुकडीत पाण्याचं नकारात्मक नियंत्रण आरएनए काढण्याच्या पायरीपासून चालवा. ते सकारात्मक आलं तर पूर्ण तुकडी रद्द. 'फिके बँड सोडून बाकी धरू' ही सवलत देऊ नका.

काही नमुन्यांचा प्रकारच ठरत नाही. त्यांचं काय करायचं?

घाई न करता क्रमाने जा. आधी आरएनए दहापट पातळ करून पुन्हा चालवा; शौचातले अडथळे आणणारे पदार्थ त्याने बरेचदा निष्प्रभ होतात. तरीही काही नाही, तर व्हीपी६चा पीसीआर करा. तोही नकारात्मक आला, तर एलायझाचं वाचन मर्यादेच्या काठावर होतं का ते पाहा, बहुधा असतंच. व्हीपी६ सकारात्मक असेल, पण जी किंवा पी येत नसेल, तर विषाणू आहे आणि तुमचा प्रायमर त्याला चिकटत नाही. पहिल्या फेरीचं उत्पादन सिक्वेन्सिंगला, म्हणजे जनुकाचा क्रम वाचायला, पाठवा.

या गटाला 'इतर' म्हणून कडेला टाकणं ही दीर्घकालीन सर्वेक्षणातली सर्वांत महागडी आळशीपणाची सवय. जी१२चा प्रायमर संचात येईपर्यंत अनेक ठिकाणी जी१२ याच रकान्यात पडून होता. पी[८]ची ओपी३५४सारखी शाखा जुन्या १टी-१ प्रायमरला चिकटत नसे, त्यामुळे नेहमीचा पी[८] असूनही 'प्रकार ठरला नाही' असे शेरे जमले. बदललेल्या प्रायमरने ते सुटले. हा गट पाच टक्क्यांवर गेला, की प्रायमर तपासायची वेळ झाली असं आम्ही समजतो.

एकाच नमुन्यात दोन जी सापडले तर?

आपल्याकडे मिश्र संसर्ग नवीन नाही. पण आधी दूषितीकरण नाकारा: मूळ नमुन्यातून, दुसऱ्या दिवशी, फक्त त्या दोन प्रायमरनी वेगवेगळ्या नळ्यांत. पुन्हा दोन्ही आले तर 'मिश्र' हा स्वतंत्र वर्ग. त्याला वाटून दोन्ही प्रकारांत अर्धा-अर्धा टाकू नका, आणि ठळक बँडला कौलही देऊ नका. बँडचा ठळकपणा विषाणूच्या प्रमाणाएवढाच प्रायमरच्या कार्यक्षमतेवर अवलंबून असतो.

लसीचाच विषाणू सापडला, हे कसं ओळखायचं?

तोंडी लसीतला जिवंत विषाणू डोसनंतर काही दिवस शौचातून पडू शकतो. भारतातले डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना, म्हणजे नेमके लहान बाळांना जुलाब होण्याच्या वयात. रोटाव्हॅक घेतलेल्या बाळात जी९पी[११] दिसला, तर पहिला संशय लसीवर. रोटासिलमधला व्हीपी४ गाईच्या विषाणूचा, पी[५]. मानवी प्रायमर संचात पी[५] बहुधा नसतो. त्यामुळे जी१ किंवा जी९ स्पष्ट आणि पी मात्र कोरा, असं चित्र दिसतं. 'प्रकार ठरला नाही' लिहिण्याआधी डोसची तारीख बघा. निर्वाळा सिक्वेन्सिंगचाच.

म्हणून नमुन्यासोबतच्या अर्जात लसीचं नाव आणि प्रत्येक डोसची तारीख हवी, आणि ती लसीकरण कार्डावरून. कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. 'आईने सांगितलं, दिली आहे' यातून कोणती लस हे कळत नाही.

लस आल्यावर प्रकार बदलले. म्हणजे लसीच्या दबावामुळेच ना?

सर्वाधिक वेळा येणारा आणि सर्वाधिक वेळा घाईने उत्तर दिला जाणारा प्रश्न. तीन देश शेजारी ठेवून पाहू.

ब्राझीलने मार्च २००६ मध्ये रोटारिक्स आणली. पाठोपाठ जी२पी[४] इतका वाढला, की जी१पी[८]ची लस जी२ला मोकळं रान देते अशी चर्चा झाली. पण त्याच सुमारास, लस नसलेल्या शेजारी देशांतही जी२पी[४] वाढला होता. बेल्जियममध्येही लसीनंतर जी२पी[४]चा वाटा वाढला. लसीचं संरक्षण जी२विरुद्ध थोडं कमी असण्याची शक्यता त्यातून उरते, पण एकट्या ब्राझीलवरून ते सिद्ध होत नव्हतं.

ऑस्ट्रेलियात अजाणता एक सुंदर प्रयोग घडला. जुलै २००७ पासून काही राज्यांनी रोटारिक्स निवडली, तर काहींनी रोटाटेक. जुलै २०१७ मध्ये सगळीकडे रोटारिक्स झाली. एकच देश, एकच प्रयोगशाळा, तेच प्रायमर, दोन लसी. त्या दहा वर्षांत रोटाटेकच्या राज्यांत जी१२पी[८] जास्त दिसला. रोटारिक्सच्या राज्यांत जी२पी[४] आणि घोड्यांच्या विषाणूशी नातं सांगणारा जी३पी[८]. इथे लसीचा काही प्रभाव मान्य करावा लागतो, कारण तुलनेचा गट शेजारीच होता.

आता भारत. लसीकरण २०१६ मध्ये आंध्र प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि ओडिशापासून सुरू झालं आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रासह उरलेल्या राज्यांत पसरलं. या काळात जी१पी[८] मागे पडून जी३पी[८] पुढे आला. लगेच 'लसीला चकवणारा स्ट्रेन' असं म्हणायचा मोह होतो. पण रोटाव्हॅकमध्ये ना जी१ आहे ना जी३, मग तिने जी१ला दाबून जी३ला का सोडावं? रोटासिलमध्ये तर जी३ स्वतःच आहे. दरम्यान दाखल मुलांमधलं रोटाचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून सुमारे २० वर आलं. लस हरत असती तर हे झालं नसतं.

खरी कसोटी एकच: प्रत्येक प्रकाराविरुद्ध लसीची परिणामकारकता वेगळी काढायची. एलायझा नकारात्मक निघालेली मुलं तुलनेसाठी घेतात, म्हणून नकारात्मक मुलांचीही लसीची नोंद तितकीच काटेकोर हवी. बऱ्याच ठिकाणी नकारात्मक निकाल आला की अर्ज अर्धवट सोडतात, आणि अभ्यास तिथेच संपतो.

टक्केवारी वाढली, पण रुग्ण वाढले नाहीत, हे कसं?

कल्पित आकडे घेऊ. लसीपूर्वी वर्षाला १०० रोटा रुग्ण, त्यात जी२पी[४]चे १०. लसीनंतर एकूण २५, त्यात जी२पी[४]चे तेच १०. वाटा १० टक्क्यांवरून ४० वर गेला आणि जी२पी[४]चा एकही रुग्ण वाढला नाही. बाकीचे कमी झाले, इतकंच. अहवालात टक्केवारीच्या शेजारी प्रत्यक्ष संख्या आणि एकूण तपासलेले नमुने, दोन्ही छापा. केवळ टक्केवारीचा आलेख वर्तमानपत्रात गेला, की मथळा ठरलेलाच.

वर्षाला किती नमुन्यांचा प्रकार ठरवला म्हणजे पुरे?

काय पकडायचं आहे त्यावर. पाच टक्के प्रमाणात फिरणारा स्ट्रेन एकदा तरी सापडण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर ५९ सकारात्मक नमुने लागतात. दोन टक्क्यांसाठी १४९, एका टक्क्यासाठी २९९. लसीनंतर सकारात्मक नमुनेच कमी होतात, तेव्हा एका रुग्णालयाला हे झेपत नाही. म्हणूनच जाळं लागतं. संख्या कमी असेल तर निवड न करता सगळ्या सकारात्मक नमुन्यांचा प्रकार ठरवा. जास्त असेल तर महिन्यागणिक समान हिस्सा. नाहीतर जानेवारीतच रसायनं संपतात आणि पावसाळा कोरा राहतो.

आणि वर्ष जुलै ते जून धरा. आपल्याकडे रोटाचा जोर थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारी. जानेवारी ते डिसेंबर मोजलं, तर एकच हंगाम दोन वर्षांत चिरला जातो.

पूर्ण जीनोम कधी करायचा?

दर वर्षी मुख्य प्रकारांचे थोडे प्रातिनिधिक नमुने, आणि न जुळणारं काहीही. ११ तुकडे असल्यामुळे एकाच पेशीत शिरलेले दोन विषाणू तुकड्यांची अदलाबदल करतात. म्हणून २००८ पासून सर्व ११ जनुकांचं वर्गीकरण वापरात आहे. मानवी स्ट्रेनची दोन मोठी कुळं, दोन संदर्भ स्ट्रेनच्या नावांवरून: 'वा'-सारखं, बहुतेक जनुकं प्रकार १ ची, आणि डीएस-१-सारखं, प्रकार २ ची. जी१पी[८] सहसा वा-सारखा, जी२पी[४] डीएस-१-सारखा.

जपानमध्ये २०१२ च्या सुमारास जी१पी[८] दिसले, पण आतला ऐवज डीएस-१चा. नेहमीच्या जी-पी टायपिंगमध्ये ते साधे जी१पी[८]च ठरतात. विशेष म्हणजे जुनी, स्वस्त पद्धत इथे उपयोगी पडते. पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेलवर चांदीच्या रंगाने ११ पट्टे पाहिले, तर अ गटाची (मुलांमधला नेहमीचा रोटाव्हायरस याच गटातला) मांडणी ४-२-३-२ दिसते. डीएस-१ कुळात अकरावा तुकडा मोठा असल्याने तो मागे रेंगाळतो; त्याला आखूड नमुना म्हणतात. जी१पी[८] आणि आखूड नमुना एकत्र दिसले, की तो नमुना सिक्वेन्सिंगच्या रांगेत पहिला लावा. जेलची उपकरणं अडगळीत टाकली असतील तर बाहेर काढायला हरकत नाही.

महाराष्ट्रातून काय कळलं आहे?

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे १९९० च्या दशकापासूनचे नमुने आहेत, आणि केवळ मुलांचे नाहीत. किशोर आणि प्रौढांचे १९९३ ते १९९६ आणि २००४ ते २००७ असे दोन कालखंड तिथे तपासले गेले. पाच वर्षांवरचे रुग्ण बहुतेक जाळ्यांच्या निकषात बसतच नाहीत, त्यामुळे अशी मालिका दुर्मीळ. त्याच संस्थेच्या कामातून पश्चिम भारतात ब गटाचा रोटाव्हायरस १९९३ पासून फिरत असल्याचं पुढे आलं. नेहमीचा एलायझा अ गटाचं व्हीपी६ शोधतो, ब गट त्याला दिसत नाही. मोठ्यांच्या जुलाबांची साथ आहे आणि सगळं नकारात्मक येतंय, तेव्हा हे आठवावं. रोटाव्हॅकच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीची केंद्रंही दिल्ली, वेल्लोर आणि पुणे अशी होती.

बाळाला तिन्ही डोस दिले, तरी रोटाचे जुलाब झाले. नवीन स्ट्रेन आला का?

शक्यता कमी. रोटाव्हॅकच्या त्या चाचणीत पहिल्या वर्षी तीव्र आजाराविरुद्धची परिणामकारकता सुमारे ५६ टक्के होती. म्हणजे लस घेतलेल्या काही बाळांना आजार होणारच. आईकडून आलेली प्रतिपिंडं, कुपोषण, आतड्यातले इतर संसर्ग यांमुळे तोंडी लसी आपल्याकडे श्रीमंत देशांपेक्षा कमी चालतात. नैसर्गिक संसर्गाचंही तसंच. वेल्लोरच्या अभ्यासात तीन संसर्ग होऊन गेल्यावरही मध्यम ते तीव्र आजारापासून संरक्षण ७९ टक्केच होतं; मेक्सिकोत दोन संसर्गांनंतर ते पूर्ण मिळालं होतं.

बाळासाठी: ओआरएस घोट घोट, स्तनपान चालू, आणि झिंक १४ दिवस, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, सहा महिन्यांवर २०. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा काहीच पोटात टिकत नसेल, तर थेट रुग्णालय.

किट किंवा प्रायमर बदलावाच लागला तर?

जुनं संपायच्या आधी बदला. दोन्ही पद्धती एकाच नमुन्यांवर समांतर चालवा, किमान एक पूर्ण हंगाम, आणि जुन्या वर्षांतले काही साठवलेले नमुनेही नव्याने तपासा. बदलाची तारीख, किटचा लॉट क्रमांक आणि प्रायमरचा क्रम माहितीसाठ्यात प्रत्येक नमुन्यासमोर नोंदवा. वेगळ्या वहीत नको, वह्या हरवतात. आलेखावर त्या जागी उभी रेघ मारा.

जुने नमुने किती काळ ठेवायचे? फ्रीझर भरला आहे.

वॉशिंग्टनमधल्या मुलांच्या रुग्णालयात १९७४ ते १९९१ दरम्यान साठवलेल्या जी३पी[८] नमुन्यांचे पूर्ण जीनोम २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि एकाच शहरात एकाच प्रकाराच्या अनेक शाखा शेजारी शेजारी नांदत होत्या, हे तेव्हा कळलं. नमुने गोळा करताना असं तंत्र अस्तित्वातच नव्हतं. त्यामुळे टाकायचंच झालं तर या क्रमाने: आधी नकारात्मक नमुन्यांच्या जादा कुप्या, मग सकारात्मकांच्या दुसऱ्या कुप्या. प्रत्येक सकारात्मक नमुन्याची एक कुपी आणि प्रकार न ठरलेल्यांच्या सगळ्या कुप्या ठेवा. जागा अगदीच नसेल तर आरएनए काढून उणे ७० ला ठेवता येतो, पण त्यातून विषाणू पुन्हा वाढवता येत नाही. आणि काहीही बाहेर काढण्याआधी यादी संदर्भ प्रयोगशाळेला पाठवा. त्यांच्याकडे जागा असू शकते.